आहे तसं घर

अख्खी वस्ती ज्याला नळवाला म्हणून ओळखते तो माझा पाठचा भाऊ. सख्खा. माझ्यात आणि त्याच्यात सहा वर्षांचं अंतर. शाळा माझी सातवीला सुटली, त्याची आठवीला. एवढं एक सोडलं तर तो माझ्यापुढे कशात गेलेला नाही. पण नळाच्या कामात त्याच्या हाताला तोड नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. भिंतीला कान लावून तो सांगायचा, पाणी कुठं चुकतंय ते. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसं. फरक एवढाच की याचं निदान कधी चुकायचं नाही.

गोष्ट त्याची आहे. ‘मी-मी’ करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून इथून पुढं मी स्वतःलाही ‘थोरला’च म्हणणार. थोरला जिथं चुकला तिथं चुकला असंच सांगेन. तशा जागा फार नाहीत, त्यामुळं लांबण लागणार नाही.

तर धाकट्याचं घर रस्त्यापासून एकोणचाळीस पायऱ्या वर. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, मधून चिंचोळी चढण, आणि शेवटी त्याचं दार. तीन खोल्या, मोरी, वर पाण्याची टाकी. बायकोला धरायला म्हणून त्यानं चढणीच्या एका अंगानं लोखंडी पाइपचा कठडा बसवलेला. तो कठडा धरून ती आधी रोज उतरायची, मग आठवड्यातून एकदा, मग दवाखान्यापुरती. गुडघे गेले. हाडाच्या डॉक्टरनं चित्र दाखवून सांगितलं की मधली गादी झिजली, आता हाडावर हाड घासतंय. ती म्हणाली, “म्हणजे वायसर गेलं, असंच ना?” नळवाल्याची बायको, दुसरं काय म्हणणार.

त्यालाही सात महिने झाले. त्या दवाखान्याच्या खेपेनंतर ती खाली उतरलीच नाही. भाजीवाला खालून हाक मारायचा, ही खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडायची आणि वरून भाव करायची. “एवढ्या लांबून तुला भेंडी जून आहे हे दिसतं तरी कसं, वहिनी?” असं तो ओरडायचा. ती म्हणायची, “मला दिसत नाही रे, तू देतोस म्हणजे जूनच असणार!” हसायची. पण संध्याकाळी नवरा पायऱ्या चढून आला की त्याच्या हातातली पिशवी घेताना पहिला प्रश्न हाच, “खाली काय काय झालं आज?” जणू खाली म्हणजे परदेश.

आणि धाकटा थकला होता. त्याचा थकवा म्हणजे काम झाल्यावर येतो तो नव्हे. तो सकाळी उठतानाच यायचा. उजवा खांदा वर जात नव्हता. तीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत आडवं पडून वर हात करून पाना फिरवला, त्याचं हे फळ. लोकांची गळती थांबवून हा घरी यायचा आणि स्वतःच्या भिंतीकडं पाठ करून बसायचा.

कारण त्या भिंतीला ओल होती. मधल्या खोलीची, मोरीला लागून असलेली भिंत. टाकीतून खाली येणारा पाइप त्या भिंतीत गाडलेला आणि आत कुठंतरी एक जोड झिरपत होता. बाहेर पोपडे धरलेले, खाली पांढरी खारी पावडर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नळवाल्याच्या घरात गळती.

त्याला दुरुस्त करता येत नव्हतं असं नाही. पण भिंत फोडायची तर मोरीची फरशी निघणार, फरशी निघाली की खालचा पाइप दिसणार, तो दिसला की तोही बदलावा लागणार. “एक भिंत उघडली की दुसरी बोलायला लागते,” असं तो म्हणायचा. दीड-दोन महिन्यांचं काम. तेवढे दिवस धूळ, सिमेंट, पाणी बंद, आणि बायकोला घराबाहेर काढायची सोय नाही. म्हणून दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’ असं करत अकरा वर्षं गेली.

मात्र एक गोष्ट तो न चुकता करायचा, त्याच्या धंद्यातली. ओल कुठपर्यंत आली तिच्या कडेकडेनं पेन्सिलीची रेघ ओढायची आणि बाजूला तारीख लिहायची. गिऱ्हाइकाच्या घरी तो हेच करायचा. आठ दिवसांनी जाऊन बघायचं की ओल रेघेच्या बाहेर गेली की आत आली. स्वतःच्या भिंतीवर तो वर्षातून एकदा रेघ ओढायचा. बारीक तारखा, आणि एकाबाहेर एक अशा वाकड्यातिकड्या रेघा, कांदा आडवा कापल्यावर दिसतो तशा.

घर विकायचं ठरलं ते खालच्या घरामुळं. त्याच्या मुलीच्या गल्लीत, गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या दोन खोल्या विकायच्या होत्या. तळमजला. दार उघडलं की रस्ता, मध्ये उंबरासुद्धा नाही. चार पावलांवर औषधाचं दुकान, समोर झाडाखाली बाक. पोस्टमास्तर धाकट्याला म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी थांबतो. तू माझी मोरी कधी तुंबू दिली नाहीस. पण त्यापुढं नाही थांबणार, मलाही मुलाकडं जायचंय.” म्हणजे महिन्याच्या आत वरचं घर विकलं गेलं तर खालचं मिळणार. नाहीतर बायको खिडकीतच म्हातारी होणार.

थोरल्याला हे कळलं तेव्हा तो तडक पायऱ्या चढून आला. थोरला रंगारी. चाळीस वर्षं भिंती रंगवल्या. भल्याभल्यांचे दिवाणखाने त्याच्या हाताखालून गेलेत, आणि त्यानं रंगवलेल्या भिंतीवर हात फिरवून लोक विचारायचे, ‘कागद लावलाय का?’

“आहे तसं विकणार?” थोरला म्हणाला.

“आहे तसंच.”

“पोपड्यांसकट?”

“पोपडे काय मी बरोबर नेऊ?”

“अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची! महिनाभर काम कर, मी रंग देतो. दुप्पट गिऱ्हाईक येईल. कोणी नाक मुरडणार नाही. आहे तसं दाखवलंस तर लोक एका भोकाची दहा भोकं करून सांगतील आणि चणे-फुटाण्याच्या भावात मागतील.”

“मागतील,” धाकटा म्हणाला. “पण महिना माझ्याकडं नाहीच, दादा. आणि हात लावायचा म्हटलं तर आधी खिशातले घालायचे, ते कुठून आणू? वर आपण आपल्या पसंतीनं बसवायचं आणि घेणाऱ्यानं ते उखडून त्याच्या पसंतीनं बसवायचं. मी हजार घरांत हे बघितलंय. नवी फरशी, वर्षाच्या आत फोडलेली.”

“आणि कमी आले तर?”

“कमीच येणार. पण बायको खाली जाईल.”

आतून ती ओरडली, “दादा, त्यांना म्हणावं मला विकून घर ठेवा. माझे गुडघेच तेवढे दुरुस्तीला आलेत, बाकी माल चांगला आहे!”

थोरल्याला हसू आलं, पण पटलं नाही. रंगाऱ्याच्या सख्ख्या भावाचं घर पोपड्यांसकट विकलं जाणार आणि लोक म्हणणार काय? हे त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. घर पाहावं बांधून म्हणतात. त्यांना म्हणावं, विकून बघा एकदा. एक चष्मेवाला आला, त्यानं प्रत्येक भिंत बोटाच्या पेरानं वाजवली, अगदी कपाटसुद्धा वाजवलं, आणि जाताना भाव असा सांगितला की धाकटा नुसता दार धरून उभा राहिला. एक जोडपं आलं. बाई रुमाल नाकाला लावून दारातूनच वळली, तिचा नवरा मात्र अर्धा तास टाकीवर चढून देखावा बघत बसला. एक दलाल आला आणि म्हणाला, “मालक, हे रेघांचं तेवढं पुसा हो. गिऱ्हाइकाला वाटतं भिंतीला ताप चढलाय आणि तुम्ही तो लिहून ठेवलाय.” धाकट्यानं पुसलं नाही. प्रत्येकाला तो तेच सांगायचा: ही ओल, हा पाइप, इथं फोडावं लागेल, एवढे दिवस लागतील. सांगून सांगून त्याचा आवाज बसला. लोक एवढं ऐकून घाबरायचे. त्यांना वाटायचं, हा एवढं सांगतोय तर न सांगितलेलं किती असेल!

आहे तसं विकण्याचा हा खरा तोटा, जो थोरल्यालाही आधी सुचला नव्हता. खरं बोललं तरी माणूस अर्धंच धरतो.

वीस दिवस असे गेल्यावर बेकरीवाली आली. खालच्या रस्त्याला वळणावर तिची भट्टी. पन्नाशीची, हाताला कायम पीठ, बोलणं तुटक. पहाटे तीनला उठायचं म्हणून भट्टीजवळ घर हवं होतं. ती घर बघायला आली ती एकटीच. खोल्या बघितल्या, टाकी बघितली, आणि मग मधल्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. धाकट्यानं नेहमीचं सांगायला सुरुवात केली. तिनं हात वर करून त्याला गप्प केलं आणि तारखा वाचायला लागली. आतल्या रेघेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत, बोट फिरवत.

“ही शेवटची रेघ जाड का?” तिनं विचारलं.

“जाड नाही,” धाकटा म्हणाला. “चार आहेत. एकावर एक. चार वर्षांच्या.”

“म्हणजे चार वर्षांत ओल हलली नाही.”

“चार वर्षांपूर्वी वर झडप बसवली. आता त्या पाइपातून पाणी सकाळी तासभरच जातं. बाकीचा दिवस बंद. तेव्हापासून तिथंच आहे.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मी भट्टीचं दुकान घेतलं तेव्हा भिंती आरशासारख्या होत्या. ताजा रंग. दोन महिन्यांत हातभर पोपडा मैद्याच्या परातीत पडला. अख्खा घाणा फेकला. विकणारा फोन उचलेना.” तिनं परत त्या चार रेघांवर नख फिरवलं. “लबाडी करणारा माणूस अकरा वर्षं तारखा लिहीत बसत नाही. घेते.”

भाव तिनं पाडला, पण गळा कापला नाही. बुधवारी सही, गुरुवारी महिना संपत होता. धाकट्यानं थोरल्याला फोन करून एवढंच सांगितलं, “विकलं गेलं.” कोणाला, कसं, का, काही नाही. माणूस थकला की शब्दही जपून वापरतो. आणि थोरल्यानं विचारलंही नाही. तो चुकला त्यातली ही एक जागा.

शनिवारी भल्या पहाटे धाकट्यानं शेजाऱ्याला हाताशी घेतलं, बायकोला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, रिक्षात घातलं, आणि मुलीकडं नेलं. एक रात्र तिथं राहून नवं घर बघायचं, कपाटाची मापं घ्यायची, रविवारी परत येऊन बांधाबांध करायची, असा बेत. सकाळी टाकीची झडप उघडून तासाभरानं बंद करायला कोणीतरी हवं, म्हणून किल्ली थोरल्याकडं दिलेली.

थोरल्यानं झडप उघडली, बंद केली, आणि मधल्या खोलीत येऊन त्या भिंतीसमोर बसला. विकलेलं घर. पाच दिवसांनी परकी माणसं राहायला येणार. त्यांचे पाहुणे येणार, विचारणार, आधी कोण राहायचं? नळवाला. त्याचा भाऊ रंगारी ना? आणि भिंत ही अशी? त्याला ते सोसवेना. धाकट्याला न सांगता एक चांगली गोष्ट करावी, जाताना त्याचं नाव राहावं, असंही मनात होतंच, ते नाकारत नाही. तो खाली गेला आणि सामान घेऊन आला.

आता ते काम कसं केलं ते सांगायलाच हवं. पोपडे खरवडले. खार ब्रशनं झाडला. भेगा बुजवायची लांबी दोनदा भरली, घासून गुळगुळीत केली, पंखा लावून वाळवली. मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. फिकट बदामी. साठीनंतर एका दिवसात, एकट्यानं, शिडीवर चढून. संध्याकाळी तिरप्या उजेडात बघितलं तर एक लाट नाही, एक डाग नाही. आजही सांगतो, असं काम या भागात दुसरा कोणी करून दाखवू दे.

रविवारी दुपारी ती दोघं परत आली. शेजारी आणि धाकटा खुर्ची उचलून वर येत होते, दर दहा पायऱ्यांनी टेकत होते, आणि खुर्चीतून तिचं बोलणं सुरू होतं. ते खालपासून थोरल्याला ऐकू येत होतं. “वीस पावलं, मोजली मी! दारातून बाहेर, काठी टेकत, त्या बाकापर्यंत, कोणाचा हात न धरता. तिथं एक बाई बसली होती, ती मला म्हणाली, नव्या आलात का? मी म्हटलं, हो, गुरुवारपासून. औषधवाल्यानं तर मला ‘या’ म्हटलं. सात महिन्यांत मला कोणी ‘या’ म्हटलं नाही, सगळे ‘राहू दे, बसा’ म्हणतात!” धाकटा घामानं निथळत होता, खांदा गेला होता, आणि तरी हसत होता. थोरल्यानं त्याला असं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

खुर्ची मधल्या खोलीत टेकवली. तिचं बोलणं थांबलं.

“अगंबाई,” ती म्हणाली. “दादा, काय सुंदर केलंय हो.”

धाकटा भिंतीजवळ गेला. हात लावला नाही. जिथं शेवटची रेघ होती तिथं, अंदाजानं, बोट हवेतच धरलं. मग खाली बसला, तिथंच, जमिनीवर.

“कोणी सांगितलं होतं तुला?” तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मग धाकट्यानं सांगितलं तेव्हा थोरल्याला सगळं कळलं. चार रेघा, तारखा, मैद्याची परात. करायला गेला भलं आणि झालं भलतंच. पण थोरला तो थोरला. तो म्हणाला, “त्यात काय एवढं? परत ओढ रेघा. तारखा तर तुला पाठ आहेत.”

“दादा, त्या मी ओढल्या म्हणून होत्या का?” धाकटा म्हणाला. “ओल होती म्हणून होत्या. आज ओढल्या तर त्या नुसत्या रेघा.”

“मग रंग खरवडून काढतो. आत्ता.”

“खाली लांबी आहे. लांबीखाली तू घासलेलं. तू काम अर्धवट कधी करतोस?”

एवढ्यावर बोलणं थांबलं, कारण पायऱ्यांवर पावलं वाजली. बेकरीवाली, हातात मोजायची टेप. कपाट कुठं बसेल ते बघायला आली होती. ती दारातून आत आली, दोन पावलं टाकली, आणि तिला रंगाचा वास आला. भिंतीकडं बघितलं. टेप गुंडाळून हळूच पिशवीत टाकली.

“ताई, ऐकून घ्या,” धाकटा उठत म्हणाला.

“काय लपवायचं होतं?” ती म्हणाली. “का एवढ्या दोन-तीन दिवसांत ओल बाहेर आली?”

“तसं नाही. माझ्या भावानं, मला न विचारता...”

“हो. भावानं.” ती हसली, पण ते हसू कडू होतं. “मला विचार करू द्या.” आणि गेली.

‘विचार करू द्या’ म्हणजे काय हे घर विकायला काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धाकट्याची बायको आतल्या खोलीत तोंड फिरवून बसली. ती रडली नाही. मुलीनं दिलेला डबा तिनं उघडला, झाकण लावलं, परत उघडलं. धाकटा म्हणाला, “मी पोस्टमास्तरांना फोन करतो.” “उद्या करा,” ती म्हणाली. “आजचा दिवस ते घर माझं राहू दे.”

हे ऐकलं आणि थोरल्यानं चपला घातल्या.

आयुष्यात थोरल्यानं कोणाची माफी मागितलेली नाही. गरजच पडली नाही. पण त्या संध्याकाळी तो भट्टीच्या दारात जाऊन उभा राहिला. बेकरीवाली दुसऱ्या दिवशीचं पीठ तोलत होती. वर बघितलं नाही.

“रंग मी दिला,” थोरला म्हणाला. “भावाला माहीत नव्हतं. तो घरात नव्हता.”

“तुम्ही रंगारी?”

“चाळीस वर्षं.”

“मग हेही तुमच्यासारख्या कोणीतरीच दिलं असेल.” तिनं पिठाच्या हातानं छताकडं दाखवलं. पोपडे निघालेलं छत.

चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढं कोणी बोललं नव्हतं. थोरल्याच्या तोंडाशी दहा उत्तरं आली. त्यानं ती गिळली. “माझं काम खोटं नसतं,” तो म्हणाला. “पण काल चुकीच्या जागी केलं. मला लाज वाटत होती त्या भिंतीची. त्याला नव्हती वाटत. तो खोटं बोलत नाही, बाई. लहानपणीही बोलायचा नाही. त्याच्यामुळं मी कितीदा मार खाल्लाय.”

“सगळ्यांचे भाऊ असंच सांगतात.”

“सांगत असतील. मी उरलेलं आयुष्य सांगत बसीन. पण त्याची बायको आज वीस पावलं चालली.”

बेकरीवालीनं तराजू थांबवला. मग परत सुरू केला. शेवटी एक पाव कागदात गुंडाळला आणि फळीवर सरकवला. “दुकान बंद करायचंय मला.”

थोरला परत वर आला. धाकटा दारात बसला होता.

“कुठं गेला होतास?”

“बोललो तिच्याशी.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. पाव दिला.”

धाकट्यानं पावाकडं बघितलं, थोरल्याकडं बघितलं. “पैसे घेतले?”

“नाही.”

“मग सांगता येत नाही,” धाकटा म्हणाला आणि भिंतीला डोकं टेकलं. तिघांनी तो पाव चहाबरोबर खाल्ला. थोरला त्या रात्री तिथंच झोपला. खरं सांगायचं तर झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पावाची पहिली खेप संपल्यावर, बेकरीवाली आली. केसांना पीठ, हातात हातोडा. तो तिच्या भट्टीचा, कोळसे फोडायचा. नमस्कार नाही, काही नाही. सरळ मधल्या खोलीत आली आणि धाकट्याला म्हणाली, “पाइपचा जोड कुठं आहे?”

धाकट्यानं भिंतीला कान लावला. टाकीची झडप उघडी होती, पाणी चालू होतं. थोडं वर, थोडं डावीकडं सरकला. मग बोट ठेवलं, “इथं.”

“फोडते.”

“तुमच्यानं वाकडं लागेल, पाइप फुटेल. आणा इकडं.” आणि ज्या भिंतीला तो अकरा वर्षं हात लावत नव्हता, तिच्यावर त्यानं डाव्या हातानं हातोडा घातला. उजवा वर जातच नव्हता. बदामी रंगाचा पहिला तुकडा उडाला तेव्हा थोरल्यानं खिडकीबाहेर बघितलं.

वीतभर भोक पडलं. आत जुना जोड, वर हिरवा-पांढरा खार धरलेला. जोडाच्या खालच्या कडेला एक थेंब. तिघंही त्या थेंबाकडं बघत उभे राहिले. तो फुगला, लोंबला, पडला. मग बराच वेळ काहीच नाही. बेकरीवालीनं मनात मोजलं असावं, तिचे ओठ हलत होते. दुसरा थेंब आला. तिनं कमरेची किल्ली काढली आणि आतली वीट खरवडली. वीट ओली होती, पण भुगा पडला नाही.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच. पण पाइप जुना आहे. हात लावला की तुटेल. बदलावा लागणार तो लागणारच. फरशीही निघणार. ते मी सांगितलंय.”

“सांगितलंय.” तिनं हातोडा घेतला, त्यावरचा चुना पदरानं पुसला. “बुधवारी अकराला सहीला या. आणि हे भोक बुजवू नका. कोणीही.” हे बोलताना ती थोरल्याकडं बघत होती.

ती गेली. पायऱ्यांवरची तिची पावलं शेवटपर्यंत ऐकू आली. धाकटा उकिडवा बसून हातानं भुगा गोळा करत होता. अंगात झाडू आणायचंही त्राण नव्हतं. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, “झालं?”

“झालं.”

“मग तिथं काय बसलात? आधी भांडी बांधायला घ्या. आणि दादा, तुम्ही मोठी पातेली उतरवा, त्यांचा हात पोचायचा नाही.”

थोरल्याचा पोचला.